परीटघडीपासून परकार्बोनेटपर्यंत



‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून जी पांढरी दाणेदार पावडर हल्ली मिळते, ती नेमकी काय असते आणि पूजेच्या कपड्यांना चालते का, असं तीन-चार जणींनी एकाच महिन्यात विचारलं. पर्युषण जवळ आलं की हा प्रश्न निघतोच. उत्तर दोन ओळींत देता आलं असतं, पण शोधायला बसले तेव्हा त्यात फ्रेंच हिरेव्यापारी निघाला, हॉलंडचं ताक निघालं आणि आपल्याच आचार्यांच्या ग्रंथातला टाकणखारही निघाला. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते. पोळ्या उरकून वाचा.

आपल्या भाषेत ‘परीटघडी’ असा एक शब्द आहे. नवी कोरी, मोडलेली नाही अशी घडी. आता घरात इस्त्री आली, तरी शब्द परटाचाच राहिला, कारण पांढरं कापड खरोखर पांढरं करणं हे घरातल्या बाईच्या हातचं काम नव्हतंच. घरी रोजचं धुणं व्हायचं, ते राखेनं, रिठ्यानं, नाहीतर नुसत्या पाण्यानं आणि दगडावर आपटून. धोतर पिवळट पडलं की ते परटाकडं ‘भट्टीला’ जायचं. भट्टी म्हणजे काय, तर कपडे खाराच्या पाण्यात बुडवून काढायचे, पाणी उकळणाऱ्या मोठ्या भांड्यावर रचायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. सकाळी नदीवर नेऊन दगडावर आपटायचे, वाळूवर नाहीतर गवतावर पसरायचे, वाळत आले की परत पाणी शिंपडायचं. खार म्हणजे सज्जीखार. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख करून तो काढायचे, काही ठिकाणी जमिनीवर फुटलेला पांढरा खारच खरवडून घ्यायचे. आपल्या पापडातल्या पापडखाराचा हा भाऊच म्हणा.

या कामात आपला पश्चिम किनारा किती पुढं होता, ते तावेर्निये सांगतो. हा फ्रेंच जवाहिऱ्या, सतराव्या शतकात हिरे घ्यायला पुन्हा पुन्हा हिंदुस्थानात आला. हिऱ्यांबरोबर त्यानं कापडाचीही बारकाईनं नोंद केली आहे. आग्रा, लाहोर, बंगाल अशा लांब लांबच्या मुलखातलं सुती कापड पांढरं करायला नवसारी आणि भरूचकडं आणत, असं तो लिहितो. कारण दोन. तिथं कापड पसरायला मोठी कुरणं होती, आणि लिंबं मुबलक होती. लिंबाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय कापडाला खरा पांढरेपणा येत नाही, असं त्याचं म्हणणं.

हे वाचल्यावर मी थबकले. लिंबू कशाला? पुढं युरोपची हकीकत वाचली तेव्हा उलगडा झाला.

हॉलंडमध्ये हार्लेम गावाभोवती अशीच कुरणं होती. स्कॉटलंड, जर्मनी अशा ठिकाणचं करडं तागाचं, म्हणजे लिननचं, कापड वसंत ऋतूत तिकडं जायचं आणि शरदात पांढरं होऊन परत यायचं. सहा-सात महिने! आधी राखेच्या उकळत्या खारात भिजवणं, मग दिवसच्या दिवस गवतावर ऊन-दव खात ठेवणं, मग आंबट ताकात बुडवणं, मग साबण, आणि परत पहिल्यापासून. हे चक्र पाच-सहा वेळा. म्हणजे भरूचला खार, ऊन आणि लिंबू, हार्लेमला खार, ऊन आणि ताक. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या दोन गावांत तीच तीन पायऱ्यांची रीत.

यात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. खार मेण-तेल सोडवतो. ऊन आणि हवेतला प्राणवायू रंग मोडतात, शिवाय दवात आणि पावसाच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइडचा अगदी बारीक अंश असतो, तोही हातभार लावतो. आणि आंबट पदार्थ शेवटी कापडात अडकलेला खार, चुना आणि लोखंडाचा अंश काढून टाकतो. खार कापडात राहिला तर ते परत पिवळं पडतं. आपल्याकडं पांढरे कपडे धुऊन महिन्याभरात कपाटातच पिवळे पडतात ना, त्याचं एक कारण हेच, नीट न निघालेला साबण आणि सोडा.

१७५६ मध्ये एडिंबरोच्या फ्रान्सिस होम नावाच्या वैद्यानं ताकाऐवजी पाण्यात पातळ केलेलं गंधकाम्ल वापरायची सूचना केली. ताकानं आठवडे लागायचे ते काम तासांवर आलं. म्हणजे पहिली बचत झाली ती आंबटाच्या पायरीत. ऊन-गवताची पायरी होती तशीच राहिली.

या गवतावरच्या कापडाशी जोडलेली एक गोष्ट मला फार लागली. महिनेच्या महिने उघड्यावर पसरलेलं कापड, त्यामुळं चोऱ्या व्हायच्या. इंग्लंड-आयर्लंडमध्ये अशा कुरणावरून कापड चोरणाऱ्याला कायद्यानं फाशी होती. कापडासाठी माणूस! हा कायदा १८११ मध्ये रद्द झाला, आणि तो रद्द करा म्हणून अर्ज करणाऱ्यांत कुरणांचे मालकच होते. त्यांना काही एकाएकी दया आली असं नव्हे. फाशी द्यावी लागेल म्हणून पंच लोक आरोपीला दोषीच ठरवत नव्हते, चोर मोकळे सुटत होते. पण एका तागाच्या तुकड्यासाठी जीव घ्यायला ज्या साध्या पंचांचा हात धजला नाही, त्यांच्याबद्दल मला आपुलकी वाटते.

मग आलं क्लोरीन. स्वीडनच्या शेलनं १७७४ मध्ये तो वायू पहिल्यांदा तयार केला, आणि १७८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बर्थोलेनं दाखवलं की त्यानं कापड महिन्यांत नव्हे, तासांत पांढरं होतं. पॅरिसजवळच्या जावेल गावच्या कारखान्यानं त्याचं द्रव काढलं. आजही फ्रेंच बायका ब्लीचला ‘जावेलचं पाणी’च म्हणतात. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं क्लोरीन चुन्यात मुरवून भुकटीचं पेटंट घेतलं. तीच आपली ब्लीचिंग पावडर, जी पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टाकते.

कुरणं रिकामी झाली, कापड स्वस्त झालं. पण या भुकटीची किंमत कोणी मोजली? ती पिंपात भरणारे कामगार तोंडाभोवती फ्लॅनेलचे पट्टे गुंडाळून त्या वायूत काम करायचे. आपण मुँहपत्तीबद्दल वाचतो ती दुसऱ्या जीवाला आपल्या श्वासाचा त्रास नको म्हणून. इथं उलटं होतं. लोकांच्या चादरी पांढऱ्या व्हाव्यात म्हणून माणसं स्वतःचा श्वास कापडात गुंडाळून ठेवत होती. घरातही क्लोरीनचा स्वभाव तोच. तो रंग खातो आणि जरा जास्त झाला की सूतही खातो. बाथरूम धुण्याच्या ॲसिडशी त्याची गाठ पडली तर विषारी वायू निघतो. हे दोन कधीही, चुकूनसुद्धा, एकत्र करू नका.

ऑक्सिजनचा रस्ता वेगळाच निघाला आणि बराच लांबचा. १८१८ मध्ये पॅरिसच्या तेनारनं हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. पाण्यासारखंच, पण प्राणवायूचा एक अणू जास्त. तो जास्तीचा प्राणवायू सोडायला ते कायम उतावीळ, आणि रंगाच्या कणाला भेटलं की सोडतं. मागं राहतं नुसतं पाणी. कुरणावर ऊन-दव जे महिन्यांत करायचे तेच, पण बाटलीत. अडचण एकच. ते टिकत नसे. बाटलीतल्या बाटलीतच फुटून जायचं. साबणाच्या पुड्यासारखं बायकांच्या हातात द्यायचं तर त्याला कोरडं, घट्ट रूप हवं होतं. ते शोधायला ऐंशी वर्षं गेली. तानातार नावाच्या रशियन रसायनशास्त्रज्ञानं १८९८-९९ च्या सुमारास दोन क्षार तयार केले. एकात पेरॉक्साइडला टाकणखाराच्या संगतीनं बांधलं, ते परबोरेट. दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याबरोबर बांधलं, ते परकार्बोनेट. आज आपल्या पुड्यात असतं ते हे दुसरं. पण आधी बाजी मारली पहिल्यानं.

टाकणखार म्हटल्यावर तुम्हाला सोनार आठवला असेल. डाग देताना तो हाच वापरतो. जुन्या काळी हा खार तिबेटच्या तळ्यांतून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून निघायचा, मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर पिशव्या लादून खिंडीतून खाली यायचा आणि हिंदुस्थानातून युरोपात जायचा. युरोपात त्याला ‘टिंकल’ म्हणत, ते आपल्या संस्कृत ‘टंकण’वरूनच. आणि आता गंमत बघा. बाराव्या शतकातले हेमचंद्राचार्य योगशास्त्रात श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांची, म्हणजे कर्मादानांची, यादी देतात. त्यातल्या लाक्षावाणिज्यात लाख, मनशीळ, नीळ, धायटी आणि टंकण, म्हणजे टाकणखार, यांची विक्री येते. या वस्तू काढताना किंवा वापरताना जीवहिंसा होते हा त्यामागचा विचार. दिगंबर-श्वेतांबर भेद इथं क्षणभर बाजूला ठेवूया. मला आश्चर्य वाटलं ते याचं, की पुढं सातशे-आठशे वर्षांनी कपडे शुभ्र करायला जगानं ज्या दोन गोष्टी हातात धरल्या, नीळ आणि टाकणखार, त्या दोन्ही त्या एकाच यादीत शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.

१९०७ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या हेंकेल कंपनीनं परबोरेट, सिलिकेट आणि साबण एकत्र करून पावडर काढली. नाव ठेवलं पर्सिल, परबोरेटचं ‘पर’ आणि सिलिकेटचं ‘सिल’. आपोआप धुणारी पावडर, अशी जाहिरात होती. तोवर तिकडच्या बायकांचा धुण्याचा दिवस म्हणजे आदल्या रात्री भिजवणं, सकाळी उकळणं, फळीवर घासणं आणि मग हिरवळीवर पसरणं. हिरवळ नसलेल्या शहरातल्या चाळीत काय करायचं? पर्सिलनं सांगितलं, एकदा उकळा, घासू नका, हिरवळ नको. ते खरं होतं. उकळत्या पाण्यात परबोरेटमधलं पेरॉक्साइड सुटायचं आणि बुडबुडे काम करायचे. १९२२ मध्ये त्यांच्या जाहिरातीत पांढऱ्या झग्यातली आणि मोठ्या पांढऱ्या टोपीतली बाई आली आणि ती जर्मनीच्या भिंतीभिंतीवर दिसू लागली. म्हणजे ‘तिची साडी माझ्या साडीपेक्षा पांढरी कशी’ ही चिंता ललिताजींच्या साठ वर्षं आधी तिकडं विकली जात होती.

याच सुमारास, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, जर्मनीतच ऑटो रोमनं एन्झाइम घातलेली पावडर काढली. डाग ‘पचवणारी’. हे एन्झाइम काढलं होतं कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून. आपल्या आज्ज्या साबण घेताना ‘चरबीचा आहे का’ म्हणून विचारायच्या, त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी पुडाही उंबऱ्याच्या आत घेतला नसता. आज पावडरींत घालतात ती एन्झाइम सूक्ष्मजीव वाढवून, आंबवून काढलेली असतात, जनावराची नव्हेत. ते तुम्हाला चालतं की नाही हे तुमच्या नियमावर आहे, मी कोण सांगणार. पण पूजेच्या कपड्यांपुरतं मी एन्झाइम नसलेलंच घेते. साध्या परकार्बोनेटमध्ये ते नसतं. ‘बायो’ किंवा ‘एन्झाइम’ असं डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं बघा.

मग ही परबोरेटची पावडर आपल्याकडं का रुजली नाही? माझ्या मते कारण साधं आहे. परबोरेटला साठ अंशांच्या वरचं पाणी लागतं. तिकडं कपडे उकळायची रीतच होती. आपण धुणार नळाच्या नाहीतर विहिरीच्या गार पाण्यात, बादलीत. बंबातलं पाणी अंघोळीला पुरायची मारामार, धुण्याला कोण देणार? गार पाण्यात परबोरेट बसून राहतं. म्हणून आपल्या घरांत पांढरेपणा आला तो दुसऱ्या दारानं. १९५९ ला सर्फ आलं, १९६९ ला अहमदाबादहून सोड्यावर आधारलेली पिवळी निरमा निघाली, १९८३ ला केरळातून उजाला. आणि त्याच्या आधीपासून नीळ होतीच, आधी झाडाची, मग कारखान्यातली. शिवाय टिनोपॉल.

इथं एक भेद नीट ध्यानात घ्या, कारण सगळा घोळ इथंच आहे. नीळ काहीच काढत नाही. ती पिवळ्यावर निळसर छटा चढवते आणि डोळा फसतो. टिनोपॉलही काही काढत नाही. न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते निळसर उजेड बाहेर टाकतं, म्हणून उन्हात कपडा झगझगतो. पाउल क्राइस नावाच्या जर्मनानं १९२९ मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं, तेही एका झाडाच्या सालीतल्या अर्कानं. ब्लीच मात्र रंग खरोखर मोडतं. नीळ-टिनोपॉलवर पंधरा वर्षं काढलेल्या धोतराच्या पोटात पंधरा वर्षांचं पिवळेपण तसंच साठलेलं असतं, वर फक्त निळा पडदा. एकदा ऑक्सिजन ब्लीच केलं की पाणी चहासारखं होतं, ते याचमुळं. घाबरू नका.

परकार्बोनेट इतकी वर्षं मागं राहिलं, कारण दमट हवेत ते पुड्यातच मरायचं. दाण्यांवर संरक्षक लेप द्यायची युक्ती नीट बसली तेव्हा, विसाव्या शतकाच्या शेवटी, ते पुढं आलं. त्याला परबोरेटइतकं गरम पाणी लागत नाही, चाळीस अंशांवरही ते काम करतं. दुसरीकडं बोरॉनबद्दल शंका वाढत होत्या. सांडपाण्यातून ते शेतात साठलं तर पिकांना बाधतं, पुढं माणसाच्या प्रजननावरच्या परिणामांमुळं युरोपात त्यावर कडक नियम आले. टाकणखार बाजूला पडला, सोडा आला. हेमचंद्राचार्यांची यादी कोणी वाचली नव्हती, तरी त्यातली एक वस्तू धुण्यातून गेली. अमेरिकेत १९९७ मध्ये ऑक्सिक्लीन नावानं हीच पावडर टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींतून घरोघर गेली, आणि नंतर आपल्याकडंही गुलाबी डब्यात व्हॅनिश दिसायला लागलं.

आता आमच्या मंडळाची गोष्ट सांगते, कारण हे सगळं वाचायची वेळ त्यामुळं आली. मंदिरातल्या कपाटात अभिषेकाचे धोतर-दुपट्टे मिळून अडतीस नग आहेत. सगळे सुती, काही तर हातमागाचे, आता तसलं सूत मिळतच नाही. पंचामृत अभिषेकाचं दूध-तूप, उसाचा रस, हळद, वर चंदन-केशराचं गंध. काय अवस्था झाली असेल तुम्हीच समजा. दोन वर्षांपूर्वी बैठकीत ठरत आलं होतं, सगळे काढून टाकायचे आणि टेरिकॉटचे नवे घ्यायचे. वर्गणीही काढायला लागले होते. एका वयस्क काकूंचा मुद्दा होता, ‘केमिकल’ घातलेलं कापड भगवंताच्या अंगाजवळ नको. दुसरीकडं तरुण मुली म्हणत होत्या, पिवळे दुपट्टे नेसायला मुलं लाजतात, अभिषेकाला येतच नाहीत. दोघींचंही मला पटत होतं, आणि अडतीस धड कपडे फेकणं तर अजिबात पटत नव्हतं. अपरिग्रहावर प्रवचन ऐकायचं आणि बाहेर येऊन खरेदीची यादी करायची?

काकूंना मी एवढंच सांगितलं की साबण, सोडा, नीळ हेही केमिकलच. प्रश्न आहे तो कापडात मागं काय राहतं याचा. नीळ राहते, टिनोपॉल राहतं, ती राहावीत म्हणूनच घालतात. परकार्बोनेटचं पाणी, प्राणवायू आणि सोडा होतो, आणि सोडा खळबळून निघून जातो. काकू म्हणाल्या, ‘मग आधी एक दुपट्टा करून दाखव.’ रास्त होतं.

पहिला पुडा मात्र फसवा निघाला. वर ‘ऑक्सी’ असं ठळक, आत सोडा आणि अत्तर. दुकानाचं नाव घेत नाही. तेव्हापासून घटक वाचल्याशिवाय घेत नाही. ‘सोडियम परकार्बोनेट’ हे शब्द हवेतच, आणि टक्केवारी दिली असेल तर जास्तीची बरी. सुटी, नुसती परकार्बोनेटची पिशवीही मिळते, रंग-वास काही नसलेली. ती स्वस्त पडते आणि मला तीच पसंत. घरी पारख करायला रसायनाच्या पुस्तकात बटाट्याची फोड टाकून बघायला सांगतात. आपल्या घरात बटाटा कुठून यायचा! त्यापेक्षा पेलाभर चांगल्या गरम पाण्यात चमचाभर टाका. खरं असेल तर बारीक बुडबुडे येतात आणि बराच वेळ येत राहतात. एकदम फसफसून लगेच गप्प झालं तर त्यात खायचा सोडा आणि लिंबाचं सत्त्व आहे. काहीच झालं नाही तर सोडा तरी आहे नाहीतर जुना, मेलेला माल.

रीत आम्ही अशी बसवली. आधी दुधाचे डाग गार पाण्यात, कारण गरम पाण्यानं दूध सुतात बसतं. मग तुपासाठी साबण, पेरॉक्साइडला तुपाचं काही कळत नाही. मग प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्याला दोन मोठे चमचे पावडर. पाणी हात जेमतेम बुडेल इतकं गरम. पूजेच्या कपड्यांना गाळलेलं आणि तापवलेलं पाणी घ्यायची आपली रीत आहेच, म्हणून पाश्चात्य बायकांना यंत्रात वेगळं बटण दाबावं लागतं ते आपल्याला आयतं मिळतं. पावडर पूर्ण विरघळल्यावरच कपडा घालायचा, नाहीतर दाणा एका जागी बसतो. दोन तासांपासून सहा तासांपर्यंत भिजवायचं, हातात मोजे घालून, कारण हे पाणी चांगलंच खारट असतं, कातडी कोरडी करतं. तांब्याचं घंगाळ किंवा लोखंडी बादली अजिबात नको. तांबं आणि लोखंड पेरॉक्साइडला कपड्यापर्यंत पोचायच्या आधीच फोडून टाकतात.

लोखंडाचं अजून एक. बोअरच्या पाण्याचे तांबूस, गंजाचे डाग असतील तर ते या पावडरीनं जात नाहीत, उलट त्या जागी सूत जळून बारीक भोक पडू शकतं. ते आधी लिंबू-मिठानं काढा, स्वच्छ धुवा, मग ब्लीच. आणि सगळ्यात शेवटी, दोनदा खळबळल्यावर, तिसऱ्या पाण्यात एका लिंबाचा रस गाळून. नवसारीच्या परटाचीच पायरी. मग ऊन.

हळद सोड्याच्या पाण्यात आधी लालभडक होते. आमच्यातल्या एकीनं किंचाळून सगळं बाहेर काढलं होतं. ती तासाभरात उतरते, उरलेली ऊन खातं. केशर जरा चिवट, त्याला दुसऱ्या दिवशी परत भिजवावं लागलं.

रेशीम आणि लोकरीला हे चालत नाही. दोन्ही प्राणिज तंतू, खार त्यांना खातो. आपल्या पूजेत ती दोन्ही नसतातच, त्यामुळं हा इशारा आपल्यापुरता आहेराच्या साड्यांपुरता. रंगीत सुती कपड्याला आतल्या शिवणीवर आधी थेंब टाकून बघा. आर्यिका माताजींची साडी कोणाच्या वाट्याला धुवायला आली, तर आधी विचारा. त्यांचे नियम त्यांच्या संघाप्रमाणे असतात, आपण परस्पर काही घालू नये.

कालवलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका. प्राणवायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. लागेल तेवढंच करा, उरलं तर मोरीत ओता. परसातल्या झाडांना नको, सोडा मुळांना सोसत नाही. व्हिनेगर, ॲसिड किंवा क्लोरीनचं ब्लीच यात मिसळू नका. लिंबू घालायचं ते शेवटच्या पाण्यात, या पाण्यात नव्हे. पावडर कोरड्या डब्यात, कोरड्या चमच्यानं घ्या, झाकण सैल बसेल असा डबा घ्या आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. आमच्या दमट पावसाळ्यात सहा महिन्यांत तिचा जोर निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणून मी डब्यावर घेतल्याची तारीख लिहिते आणि भाद्रपदाच्या आधी पेल्यातली पारख परत करते.

अडतीसांपैकी एकतीस कपडे चांगले निघाले. काकूंनी पहिला दुपट्टा उन्हात धरून बराच वेळ बघितला आणि ‘नीळ नाही घातलीस?’ एवढंच विचारलं. चार कपड्यांना भोकं पडायची ती पडलीच, गंज जुना होता. तीन टेरिकॉट-मिश्र होते, ते पिवळेच राहिले. त्या धाग्याचं पिवळेपण सुतासारखं उतरत नाही. वर्गणी परत केली नाही, त्यातून गरम पाण्यासाठी स्टीलची मोठी टाकी घेतली. भोकं पडलेल्यांतले दोन दुपट्टे अजून मजबूत आहेत. ते दुपेडी शिवून पाणी गाळायला घेतले, पण त्याआधी चार वेळा साध्या पाण्यातून काढले.